पेडणेकरांच्या फ्लॅटखालचा चिखल

संपादकांचा फोन आला. "सर, तुमच्या व्याख्यानांच्या प्रवासाबद्दल लिहा. काहीतरी प्रेरणादायी हवं." प्रेरणादायी मी काय लिहिणार? माझी व्याख्यानं ऐकून कुणी भूविज्ञानाकडे वळल्याचं अजून तरी माझ्या कानावर नाही. एका माणसाचं घर विकलं जाता जाता राहिलं, एवढं मात्र नक्की ठाऊक आहे. तेच लिहितो.

आधी हा धंदा काय होता ते सांगायला हवं. मी मुंबईच्या एका कॉलेजात भूविज्ञान शिकवायचो. दगड, माती, डोंगर, नद्या, ज्वालामुखी हे सगळं त्यात येतं, पण विषयाची कीर्ती अशी की वर्गात बसलेल्या निम्म्या मुलांना दुसरीकडे कुठेच प्रवेश मिळालेला नसे. ती मुलं दगडाकडे बघत, मी त्यांच्याकडे बघे, आणि दोन्हीकडून उत्तर येत नसे. निवृत्तीच्या सुमारास, म्हणजे दोन हजार सालाच्या पुढेमागे, मला वाटलं की सामान्य माणसाला निसर्गाची ओढ असते, त्याच्याकडे जावं. सामान्य माणसाला कशाची ओढ असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सुट्ट्यांमध्ये मी आणि माझी बायको मालती लडाख, स्पिती, अंदमान, लोणार आणि कोकणचा किनारा असं बरंच फिरलो होतो. प्रत्येक ठिकाणच्या स्लाइड्स होत्या. आजच्या मुलांना स्लाइड म्हणजे काय ते सांगावं लागतं. छोट्या चौकटीत बसवलेला फिल्मचा इवलासा तुकडा. तो प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये उभा करायचा, दिवे घालवायचे, बटण दाबलं की खट्ट असा आवाज होतो आणि समोरच्या चादरीवर हिमालय उभा राहतो. उलटी स्लाइड घातली की हिमालयही उलटा उभा राहतो आणि त्याला जास्त टाळ्या पडतात. बटण मालतीकडे असे. मी काठीने पडद्यावर ठोकलं की तिने पुढची स्लाइड आणायची. माझं एखाद्या खडकावर फार वेळ चालू राहिलं तर ती न ठोकताच पुढची आणत असे.

आम्ही तेव्हा भाईंदर पूर्वेला एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचो. आसपास, मीरा रोडला तर विशेषच, रोज नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. गिरगाव, लालबाग, परळ सोडून मराठी माणसं तिथे येत होती आणि आल्या आल्या त्यांना संस्कृतीची आठवण होत होती. त्यामुळे गणपतीत एक दिवस मुलांची चित्रकला, एक दिवस वहिनींचे खेळ, एक दिवस ऑर्केस्ट्रा असा बेत असे. ऑर्केस्ट्रा मिळाला नाही की मी.

बर्फ दिसला की लोक टाळ्या वाजवत. दगड दिसला की मुलांना तहान लागे आणि त्यांना पाणी पाजायला दोन-दोन मोठी माणसं बाहेर जात. मग मी शहाणा झालो आणि दगड बर्फाच्या मागे लपवून दाखवू लागलो. शेवटी प्रश्नोत्तरं असत. त्यात हमखास कुणीतरी हाताचं बोट पुढे करून विचारी, "सर, माझ्या मुलीला पोवळं चालेल का?"

"पोवळं हा दगडच नाही हो. समुद्रातल्या बारीक प्राण्यांचा सांगाडा आहे तो."

"ते ठीक आहे. पण चालेल ना?"

खारी गावातल्या एका मंडळाने तर माझा बॅनर लावला होता. 'प्रसिद्ध भूगर्भशास्त्रज्ञ' असं रंगवलेलं. नंतर त्यांना आठवलं की नगरसेवकाचा फोटो राहिला. तो घाईघाईत कोपऱ्यात चिकटवला आणि नेमका 'भू' त्याच्याखाली गेला. मी पोचलो तेव्हा पहिल्या रांगेत गरोदर बायका नवऱ्यांना घेऊन बसल्या होत्या. मी कोकणच्या जांभ्या दगडावर बोललो. सगळ्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. त्यातली एक जाताना मालतीला म्हणाली, "मला वाटलं आहाराबद्दल पण सांगतील." मालतीने तिला खजूर खायला सांगितलं. त्या दिवशी आम्हा दोघांत उपयोगाचं बोलली ती तीच.

असं बरं चाललं होतं. मग मीरा रोडच्या एका कॉम्प्लेक्समधून बोलावणं आलं.

कॉम्प्लेक्सचं नाव सांगत नाही. नावात 'गार्डन' होतं आणि आवारात दोन कुंड्या होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी मनसुखभाई, कपड्याचे व्यापारी. गुजराती, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा ते एकाच वाक्यात वापरत आणि तिन्हीत प्रेमळ असत. ते म्हणाले, "सर, हिमालय राखो. पब्लिकला हिमालय पाहिजे. गरमी किती आहे."

मी हिमालयाचा ट्रे भरला. भरताना जुन्या डब्यात एक स्लाइड सापडली. पुष्कळ वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन याच भागात आलो होतो तेव्हाची. मिठागराचे चौकोन, त्यात आकाश, कडेला मिठाचे पांढरे ढीग, आणि लांब उत्तनच्या बाजूची टेकडी. टेकडीच्या कोनावरून हिशेब लागत होता की फोटो काढला ती जागा म्हणजे आजचं ते 'गार्डन'. मला फार आनंद झाला. ज्यांच्या घरी चाललोय त्यांना त्यांच्याच घराखालची जमीन दाखवायची, यापेक्षा चांगली सुरुवात कुठली? मालती म्हणाली, "लोकांना हिमालय हवाय." मी तिला विज्ञानाच्या प्रसाराबद्दल चार शब्द ऐकवले.

व्याख्यान पार्किंगमध्ये होतं. गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. आरती झाली, मनसुखभाईंनी माझी ओळख 'बहोत बडे प्रोफेसर' अशी करून दिली आणि मी पहिलीच ती स्लाइड लावली.

"हे ठिकाण कोण ओळखतं?"

कच्छ, म्हणालं कुणी. दुसरं कुणी डेड सी म्हणालं. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला. ती खारीची, लेकीकडे आरतीला आलेली. "अरं, ह्ये तं आमचं मिठागर हाय! माझा बापूस इथं कामाला होता. हितं बिल्डिंग हाय व्हय आता?"

"हो आजी," मी म्हणालो. "तुम्ही सगळे आत्ता तिथेच बसला आहात."

सगळे हसले. म्हातारीही हसली. मग तिने तिच्या परीने अगदी साधा प्रश्न विचारला. "मंग आता खाली काय हाय?"

"चिखल," मी म्हणालो.

इथे माझं खरं व्याख्यान सुरू झालं आणि इथेच ते संपलं, हे मला नंतर कळलं. मी समजावून सांगत होतो. ही जमीन खाडीची. भरतीचं पाणी इथपर्यंत यायचं, हजारो वर्षं त्यातला गाळ बसत गेला. मग माणसांनी वर भराव टाकला, मुरूम आणि पाडलेल्या घरांचं डबर. मी एक विनोदही केला. म्हणालो, "तुम्ही लालबागची चाळ सोडून इथे आलात, पण काळजी करू नका, तुमची चाळही मागोमाग आली आहे. ती तुमच्या खाली आहे." कुणी हसलं नाही. मग मी सांगितलं की इमारत या चिखलावर उभी नसते. चिखलातून खाली खांब सोडतात, त्यांना पाइल म्हणतात, ते खडकाला टेकतात आणि इमारत त्यांच्यावर उभी राहते. तेव्हा इमारतीची चिंता नको. पण कंपाउंडची भिंत, ही पार्किंगची फरशी, गेटजवळचा रस्ता यांच्याखाली खांब नसतात. त्या गोष्टी हळूहळू बसणार.

'बसणार' या शब्दाला कुणीतरी पाय वर उचलून घेतले. मी स्वतः पाहिलं.

मग हिमालय झाला. बर्फाला टाळी पडली नाही, असं पहिल्यांदाच घडलं. शेवटी मला एक भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते मनसुखभाईंनी माझ्या हातात देताना माझ्याकडे न बघता दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला गेलो. भाजीवाला म्हणाला, "सर, सुना आपने? वो गार्डनवाला बिल्डिंग बैठनेवाला है."

"किसने बोला?"

"कोई साइंटिस्ट आया था. गव्हर्मेंट का."

आयुष्यात सरकारने मला इतका मान कधी दिला नव्हता. मी वांगी घेऊन गप्प घरी आलो. संध्याकाळी औषधाच्या दुकानात कळलं की इमारत खाडीच्या बाजूला थोडी कलली आहे. आठवडा संपेपर्यंत ती बऱ्यापैकी कलली होती आणि रिक्षावाले प्रवाशांना दाखवत होते. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. होती तशी सरळ उभी होती. पण खाली दोन माणसं मान तिरकी करून वर बघत होती, आणि मान तिरकी केली की कुठलीही इमारत कललेली दिसते.

मग शिष्टमंडळ आलं. मनसुखभाई आणि कमिटीचे दोघे. चार जिने चढून आल्यामुळे आधी काही वेळ कुणालाच भांडता येईना. मालतीने पाणी दिलं.

"सर," मनसुखभाई म्हणाले, "तुम्ही शब्द पाछा घ्या."

"कुठला शब्द?"

"चिखल."

"पण खाली चिखलच आहे. मग मी काय म्हणू?"

"माती बोला ना! माती कितनी अच्छी चीज है. लोग माथे को लगाते है."

त्यांचा प्रस्ताव असा होता की मी पुन्हा यावं आणि 'आपली सुरक्षित जमीन' या विषयावर बोलावं. मी म्हणालो, आनंदाने येतो, पण जे बोललो तेच बोलेन. इमारत सुरक्षित आहे असं वाटतं, कंपाउंड बसणार. कमिटीतला एक तरुण म्हणाला, "सर, तुम्ही फक्त पहिलं अर्धं बोला ना. दुसरं अर्धं आम्ही बघून घेऊ." मी म्हणालो की लोकांनी फक्त दुसरं अर्धं ऐकलं म्हणून तर हा घोटाळा झाला. मनसुखभाई उठले. दारात ते थांबले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "सर, मेरा भी फ्लॅट उधर ही है. आयुष्याचं सगळं त्यात टाकलंय." त्या वाक्यात गुजराती नव्हतं, थट्टा नव्हती. ते गेल्यावर मी मालतीला म्हणालो, "मी काय खोटं बोललो?" ती म्हणाली, "तुम्हाला कुणी खोटं बोललात असं म्हणालंय का?"

माझं दुसरं व्याख्यान झालं नाही. त्या दिवशी त्यांना ऑर्केस्ट्रा मिळाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक गृहस्थ एकटेच आले. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात छत्री. "मी पेडणेकर. विमा कंपनीतून रिटायर झालो. तुमचं व्याख्यान झालं ना, त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. व्याख्यान फार आवडलं." इतक्या दिवसांत असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी खूश होऊन त्यांना बसवलं. ते बसले आणि म्हणाले, "माझं गिऱ्हाईक गेलं, सर."

त्यांच्या पत्नीला दमा होता. खाडीच्या दमट हवेत तो फार वाढला होता. डॉक्टरांनी कोरड्या हवेत जायला सांगितलं होतं. मुलगी नाशिकला होती, तिने शेजारचं घर बघून ठेवलं होतं. पण इथला फ्लॅट विकल्याशिवाय तिथे जाता येत नव्हतं. दहिसरच्या एका कुटुंबाशी सगळं ठरलं होतं. त्यांच्या कानावर गेलं की शास्त्रज्ञ येऊन सांगून गेलाय. त्यांनी नाही म्हटलं. दुसरं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

"मला एवढंच सांगा," पेडणेकर म्हणाले, "बिल्डिंग पडणार आहे का?"

"नाही हो. मी तसं म्हणालोच नाही."

"मला माहीत आहे. मी पूर्ण ऐकलं होतं. पण हे तुम्ही त्यांना येऊन सांगाल का?"

आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. ते छत्रीची मूठ धरून नुसते बसून राहिले. आतून मालतीने विचारलं, "प्रोजेक्टर काढू का?"

अशा रीतीने मी माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत छोटं व्याख्यान दिलं. दहिसरला, एका खोलीत, टीव्ही आणि कालनिर्णयाच्या मधल्या भिंतीवर. श्रोते म्हणजे नितीन गावडे, त्याची बायको स्नेहा, नितीनचे वडील अण्णा आणि प्रोजेक्टरच्या उजेडात हात घालून सावल्या करणारं एक मूल. मी मिठागर दाखवलं, कागदावर चिखल, खांब, खडक असं चित्र काढून दाखवलं. नितीन आणि स्नेहा मान डोलवत होते. त्यांना घर हवं होतं. दिसत होतं ते. पण निर्णय अण्णांचा होता आणि अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"हा चिखल कुठल्या दिशेला आहे?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"सगळीकडेच आहे."

"आणि खडक?"

"खाली."

"खाली ही दिशा नाही," अण्णा म्हणाले. "ईशान्येला काय आहे?"

ईशान्येला खडक आहे, एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. पेडणेकर माझ्याकडे बघत होते. त्यांनी काहीच सुचवलं नाही, पण त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मी आयुष्यभर बोटातल्या दगडांची टिंगल करत आलो होतो आणि आता एका ईशान्येसाठी माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. शिवाय ते खोटं ठरण्याची शक्यताही फार नव्हती. खडक सगळ्याच दिशांना असतो, फक्त किती खाली हाच प्रश्न.

"ईशान्येचं मला माहीत नाही," मी म्हणालो. "खांब खडकाला टेकलेत हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बांधणाऱ्या इंजिनिअरने तसं लिहून दिलंय, इमारतीला तडा नाही, त्यावरून मी म्हणतोय."

स्नेहाने नवऱ्याकडे बघितलं. अण्णांनी मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही स्वतः घ्याल का तिथे घर?"

"घेईन की."

"मग घ्या," अण्णा म्हणाले. "आम्हाला नको."

आम्ही तिघं निघालो. मुंबईची हद्द संपते त्या चेकनाक्याला रिक्षा बदलली. पेडणेकर मधे बसले होते, मालती कडेला, मांडीवर प्रोजेक्टर. मी माफीसारखं काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात मालतीने विचारलं, "पेडणेकर, तुमच्याकडे लिफ्ट नेहमी चालू असते का हो?"

"असते की. बंद पडली तर तासाभरात माणूस येतो."

"आणि पाणी?"

"सकाळ-संध्याकाळ. टाकी मोठी आहे."

"स्वयंपाकघरात ऊन येतं?"

पेडणेकरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी रस्त्याकडे बघत होतो, कारण मला सगळं कळलं होतं.

मालतीचे गुडघे गेल्या काही वर्षांपासून बोलत होते. चार जिने चढताना ती प्रत्येक वळणावर थांबायची आणि मला म्हणायची की आपण लिफ्टच्या इमारतीत जाऊ. मी दर वेळी तिला सांगायचो की आपली इमारत जुनी असली तरी टणक मुरमावर आहे, अशी जमीन भाईंदरात मिळत नाही. ती म्हणायची, "मुरूम खाली आहे, मी वर आहे."

घरी आल्यावर मी मुद्दे मांडायला सुरुवात केली. तिने प्रोजेक्टर कपाटात ठेवला.

"अहो, तुम्ही अण्णांना 'घेईन की' म्हणालात. ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. पण ते तत्त्व म्हणून..."

"मग तत्त्व म्हणून घेऊ या."

मी रात्रभर विचार केला असं लिहायला हवं. खरं म्हणजे मी लगेच झोपलो, कारण तिचं ठरलेलं होतं. आमचं जुनं घर विकायला काही अडचण आली नाही. त्याच्याखाली काय आहे यावर कुणी व्याख्यान दिलेलं नव्हतं.

किल्ली देताना पेडणेकर अडखळले. "सर, मनापासून सांगा. माझ्यावर उपकार म्हणून तर घेत नाही ना?"

"नाही. लिफ्टसाठी."

त्यांना हे उत्तर फार बरं वाटलं. वहिनी खाली टॅक्सीत बसल्या होत्या, पदर नाकाला लावून, श्वास मोजत. मी काचेशी वाकलो. त्या म्हणाल्या, "घर चांगलं आहे हो. फक्त माझ्या छातीला नाही मानवलं." पुढे नाशिकहून फोन यायचे. त्या स्वतः बोलायच्या आणि वाक्य पूर्ण करायच्या. आधी त्यांना ते जमत नसे, असं पेडणेकरांनी सांगितलं.

मी राहायला आलो त्या दिवशी मनसुखभाई पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मला वाटलं झालं गेलं विसरले. तसं नव्हतं. त्यांना धंदा कळत होता. दुसऱ्याच दिवसापासून ते सगळ्यांना सांगत सुटले, "साइंटिस्ट खुद रहने आया! अभी बोलो!" ज्या लोकांच्या तोंडी इमारत कलली होती त्यांच्याच तोंडी ती सरळ झाली. मी त्यासाठी एक शब्दही बोललो नव्हतो. व्याख्यानांची इतकी वर्षं वाया गेली असं वाटलं. मी आधीच गप्प राहून सामान हलवत फिरलो असतो तर जास्त विज्ञान पसरलं असतं.

दोन पावसाळे गेले. कंपाउंडची भिंत बाहेर झुकली. पार्किंगची फरशी मधे खोलगट झाली आणि लिफ्टच्या दारासमोर एक पायरी उघडी पडली. नव्याने बांधलेली नाही, जमीन खाली गेल्यामुळे आपोआप तयार झालेली. इमारतीला मात्र नखाएवढा तडा नाही. म्हणजे मी जे बोललो होतो ते शब्दशः घडलं. वार्षिक सभेत मी ऐटीत बसलो. आता कुणीतरी उठेल आणि तसं म्हणेल.

मनसुखभाई उठले. म्हणाले, "सर, तुम्ही बोलला म्हणून हे झालं."

सभेने टाळ्या वाजवल्या. बर्फानंतर पहिल्यांदाच.

पुढे माझा उपयोग ब्रोकर लोकांना कळला. रविवारी सकाळी बेल वाजे. दारात ब्रोकर आणि त्याच्यामागे एखादं कुटुंब. ब्रोकर माझ्याकडे बोट करून म्हणे, "देखो, ये जमीन के साइंटिस्ट है. खुद यहीं रहते है. बस, और क्या चाहिए?" कुटुंब मला बघे, मी कुटुंबाला बघे. मी तोंड उघडलं की ब्रोकर "चलिए, टेरेस देखते है" म्हणून त्यांना घेऊन जाई. फ्लॅट भराभर जात होते. मी दारात उभं राहायला शिकलो होतो. दाढी करून उभा राहत असे.

एका रविवारी राजूभाई नावाचा ब्रोकर एका मुलीला घेऊन आला. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. सोबत तिची आई, काठी घेऊन. राजूभाईने त्याचं नेहमीचं म्हणून टाकलं. मुलगी जागची हलली नाही.

"काका, जमिनीचे साइंटिस्ट म्हणजे काय? खाली काय आहे इथे?"

"चिखल," मी म्हणालो.

राजूभाईने डोळे मिटले. "मॅडम, टेरेस..."

"थांबा हो. काका, पूर्ण सांगा."

तिने चपला काढल्या, आईला हात देऊन आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. मालतीने न विचारता पडदे ओढले. प्रोजेक्टर बरेच दिवस बंद होता. सुरू होताना धुळीचा वास आला. मी सांगायला लागलो. खाडी, गाळ, भराव, खांब, खडक. मधेच ती थांबवून विचारायची, "म्हणजे नक्की कशाच्या जिवावर उभं आहे?" आणि मी पुन्हा सांगायचो. कुणी उठून पाणी प्यायला गेलं नाही. खांब टेकल्याचं तुम्ही पाहिलंय का, असं तिने विचारलं. नाही म्हणालो. मग कसे राहता? म्हणालो, दर पावसाळ्यानंतर सगळ्या भिंती आणि खांब बघून येतो, अजून काही दिसलेलं नाही, आणि दिसलं तर सगळ्यांत आधी ओरडणारा मीच असेन. ती हसली नाही, तिने मान हलवली.

"आणि खालची जमीन?"

"ती बसत राहणार. आता एक पायरी आहे. पुढे दुसरी होईल."

तिने आईच्या पायांकडे बघितलं. मग राजूभाईला म्हणाली, "बिल्डिंग ठीक आहे. पण आईला पायऱ्या जमत नाहीत. हे नको. दुसरं दाखवा."

राजूभाई बाहेर जाऊन लिफ्टचं बटण दाबत राहिला. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता आणि तो दाबतच होता. मुलीने आईला उठवलं. दारात ती म्हणाली, "थँक्यू काका. एवढं कुणी बसून सांगत नाही."

दार लावून मी आत आलो. मालतीने दिवा थंड होईपर्यंत प्रोजेक्टरचा पंखा चालू ठेवला, मग बंद केला. वायर हाताभोवती गुंडाळत ती म्हणाली, "छान झालं हो आजचं."

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. राजूभाई थेट मनसुखभाईंकडेच गेला असणार. वाजून वाजून तो थांबला, मग पुन्हा वाजला. मी उचलला नाही. मालतीने चहा टाकला होता आणि मला तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावायचं होतं.